मुक्कामी विष

पेशींच्या आत पाण्याने भरलेले फुगे दिसत होते. इतके, की काही पेशींत केंद्रक पार कडेला ढकललं गेलं होतं. पॅथॉलॉजी शिकत असताना हे छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिलं आणि त्याखालची माहिती वाचून थबकले. त्या पेशींजवळ एकही जिवाणू नव्हता. जिवाणू ज्या द्रवात वाढवले होते तो बारीक गाळणीतून गाळून घेतला होता आणि नुसता गाळलेला द्रव पेशींवर घातला होता. तेवढ्याने पेशी आतून पोकळ होत गेल्या. संशोधकांनी १९८८ साली हे नोंदवलं. म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जिवाणू काहीतरी बाहेर सोडत होता, आणि पेशीची ही अवस्था करायला ते एकटंही पुरेसं होतं.

ते काहीतरी म्हणजे एक प्रथिन. त्याला व्हॅक-ए असं नाव मिळालं, आणि १९९२ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं. अल्सरची गोष्ट सांगताना हे नाव क्वचितच कुणी घेतं. गोष्ट सांगितली जाते ती आम्लाची, नाहीतर माणसाच्या स्वभावाची. मला मात्र या प्रथिनाबद्दल आणि त्याच्या जोडीदाराबद्दल, कॅग-एबद्दल, लिहायचं आहे. आमच्या घरात एका माणसावर वर्षानुवर्षं एक आरोप होत राहिला. त्याचं उत्तर मला या दोन प्रथिनांत सापडलं.

माझ्या वडिलांना अल्सर होता. रात्री मध्येच उठून ते स्वयंपाकघरातला दिवा लावायचे, उभ्या उभ्या चार घास खायचे, मग कळ थांबायची आणि त्यांना झोप लागायची. लहान आतड्याच्या सुरुवातीला, म्हणजे ड्युओडिनममध्ये, जखम असली की दुखणं बरेचदा असंच वागतं, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा घरात एकच निदान होतं. "सगळं पोटात ठेवतोस, मग पोट दुखणारच," असं आजी म्हणायची. डॉक्टर तेच जरा सुधारून सांगायचे: चिंता सोडा, राग आवरा, वेळेवर जेवा, तिखट बंद करा. वडिलांनी हे सगळं अगदी निष्ठेने केलं. दुखणं काही गेलं नाही. अखेर ऑपरेशन झालं. आम्ल कमी व्हावं म्हणून जठराकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या फांद्या कापल्या आणि जठर लहान आतड्याला नव्या वाटेने जोडून दिलं. त्यानंतर ती जुनी कळ गेली. पण पोटभर जेवलं की घाम फुटायचा, छातीत धडधडायचं, थोडा वेळ आडवं पडावं लागायचं. अन्न जठरात न थांबता आतड्यात धावायला लागलं की असं होतं.

त्या काळाच्या ज्ञानाप्रमाणे ते उपचार योग्यच होते आणि सर्जनचा हात कुशल होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सलत राहिलं ते वेगळंच. हा आजार म्हणजे आपल्या स्वभावाचं फळ, असं वडील शेवटपर्यंत मानत राहिले. आपण शांत माणूस असतो तर घरच्यांना एवढा त्रास झाला नसता, असंही ते कधीकधी बोलून दाखवायचे.

आम्लावर सगळा दोष जाणं स्वाभाविक होतं. 'आम्ल नाही तर अल्सर नाही' हे कार्ल श्वार्त्सचं सूत्र १९१० पासून वैद्यकात घट्ट बसलेलं होतं आणि ते चुकीचंही नव्हतं. १९७६ मध्ये आम्ल कमी करणारं सिमेटिडिन बाजारात आलं, त्यामागच्या संशोधनासाठी जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. गोळी घेतली की अल्सर खरोखर भरून यायचा. गोळी थांबवली की पुष्कळांच्या बाबतीत वर्षाच्या आत परत उघडायचा. खरं तर इथेच विचारायला हवं होतं, की आम्ल तर प्रत्येकाच्याच पोटात असतं. मग ते याच माणसाला, याच जागी का खातं?

जठराच्या पोकळीतलं आम्ल भयंकर तीव्र असतं. सामू एक-दोनच्या घरात. पण जठराच्या पेशी या आम्लात उघड्या बसलेल्या नसतात. त्यांच्यावर म्यूकसचा चिकट थर असतो, त्या थरात पेशी आम्ल मारणारं बायकार्बोनेट सोडत राहतात, आणि त्यामुळे थराच्या वरच्या बाजूला जहाल आम्ल तर तळाशी, पेशींना लागून, जवळजवळ उदासीन वातावरण असतं. मिलिमीटरभरही जाडी नसलेल्या त्या थरात आम्लाची तीव्रता लाखपटीने उतरते. शिवाय पृष्ठभागावरच्या पेशी थोड्याथोड्या दिवसांनी बदलल्या जातात. जुन्या गळतात, खालून नव्या येतात. जठर स्वतःला पचवत नाही ते या अखंड चाललेल्या डागडुजीमुळे. अल्सर व्हायचा तर ही डागडुजी कुठेतरी मागे पडावी लागते.

हेलिकोबॅक्टरला राहायचं असतं त्या थराच्या तळाशी. पण तिथे पोहोचण्याआधी त्याला वरच्या आम्लातून जायचं असतं. त्यासाठी तो युरिएज नावाचं एन्झाइम मोठ्या प्रमाणावर बनवतो. जठररसात थोडासा युरिया नेहमीच असतो. बाहेर आम्ल वाढलं की जिवाणूच्या आतल्या पटलातली युरियासाठीची वाट उघडते, युरिया आत येतो, युरिएज त्याचे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड असे तुकडे करतं आणि अमोनिया भोवतालचं आम्ल मारतो. याचा आणखी एक फायदा होतो. म्यूकस आम्लात घट्ट जेलीसारखा असतो. आम्ल कमी झालं की तो सैल पडतो. मग आपल्या शेपटांच्या जोरावर हा नागमोडी जिवाणू त्यातून पोहत खाली उतरतो.

एन्डोस्कोपी करताना हीच युरिएज कामाला येते. जठराच्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढून युरिया आणि रंगसूचक असलेल्या पिवळ्या जेलमध्ये खुपसतात. जिवाणू असेल तर अमोनिया तयार होतो आणि तुकड्याभोवती गुलाबी कडा उमटायला लागते, हळूहळू सगळं जेल गुलाबी होतं. माझ्याकडे येतो तो दुसरा तुकडा, फॉर्मॅलिनच्या बाटलीतून. त्याचे पातळ काप काचपट्टीवर घेऊन गिम्झा रंगाने रंगवले की सूक्ष्मदर्शकाखाली निळसर, किंचित वाकडे, जेमतेम तीन मायक्रॉन लांबीचे जिवाणू दिसतात. ते पेशींच्या आत घुसलेले नसतात. बहुतेक जण म्यूकसमध्ये, पेशींच्या पृष्ठभागाला समांतर असे पडलेले. काही पेशींना चिकटलेले. काही ग्रंथींच्या तोंडाशी असलेल्या खळग्यांत दाटीने बसलेले. आणि त्यांच्या खाली, अस्तराच्या आतल्या भागात, पांढऱ्या पेशींची गर्दी. जिवाणू बाहेर आणि लढाई आत, हे दृश्य मी आता हजारो वेळा पाहिलं असेल, तरी त्यातलं अंतर मला दर वेळी जाणवतं. बाहेर बसलेल्याने आत एवढं काही घडवून आणायचं तर त्याला काहीतरी आत पाठवावंच लागणार.

व्हॅक-ए आत जातं त्याची तऱ्हा अशी. जिवाणूने सोडलेले या प्रथिनाचे रेणू पेशीच्या पटलावर येतात आणि सहा-सहाच्या गटाने एकमेकांना बिलगतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ही रचना पाकळ्या पसरलेल्या फुलासारखी दिसते. मधोमध एक छिद्र असतं, त्यातून क्लोराइडसारखे ऋणभारित आयन ये-जा करू शकतात. पेशी आपल्या पटलाचे तुकडे सतत आत ओढून घेत असते, त्यांच्याबरोबर हे छिद्रही आतल्या कप्प्यांत पोहोचतं. आता कप्प्यात क्लोराइड शिरायला लागतो. त्याचा विद्युतभार तोलण्यासाठी कप्प्याचे पंप आणखी प्रोटॉन आत ढकलतात. आतलं आम्ल वाढतं. जवळपास अमोनिया असेल तर तो पटलातून सहज आत येतो, प्रोटॉन पकडून अमोनियम बनतो आणि मग त्याला बाहेरची वाट बंद होते. असे आयन साठत गेले की पाणी त्यांच्या मागोमाग येतं, कप्पा फुगतो. छायाचित्रात दिसलेले फुगे ते हेच. आणि अमोनिया कुठून येतो, तर जिवाणूच्याच युरिएजमधून. आम्लापासून बचावासाठी केलेली सोय पेशी पोखरायलाही उपयोगी पडते.

त्याहूनही मला चकित करून गेलेली गोष्ट म्हणजे व्हॅक-ए आणि आम्ल यांचं नातं. तीव्र आम्लात बहुतेक प्रथिनं विस्कटतात आणि पेप्सिन हे जठरातलं पाचक एन्झाइम त्यांचे तुकडे पाडतं. व्हॅक-एला आम्लात काही वेळ ठेवून पुन्हा उदासीन केलं की ते अधिक जोमाने काम करतं, पेप्सिनलाही दाद देत नाही. जंतू मारण्यासाठी शरीराने जे आम्ल राखलं, त्यातूनच हे विष धार लावून घेतं.

फुगे ही त्याची ठळक खूण, पण करामती आणखीही आहेत. हे प्रथिन पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोहोचतं आणि तिथून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडलं की पेशी आत्मनाशाच्या मार्गाला लागते. ते टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशींना, गाठून त्यांची वाढ रोखतं, त्यामुळे शरीराचा प्रतिकार होतो पण निर्णायक होत नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं: फार थोड्या प्रमाणात असतानाही हे प्रथिन पेशींच्या थरातून युरिया पलीकडे झिरपू देतं. म्हणजे युरिएजला लागणारा कच्चा माल पेशींकडूनच वर येत राहतो.

हे वाचलं तेव्हापासून 'विष' या शब्दाने माझ्या डोळ्यांसमोर येणारं चित्र बदललं. मारण्यासाठी सोडलेलं द्रव्य असं मी समजत होते. पण जठराच्या अस्तरावर राहणाऱ्या जिवाणूला ते अस्तर मारून काय मिळणार? त्याला युरिया हवा, लोह हवं, निकेल हवं, अमिनो आम्लं हवीत, आणि शरीराने आपल्याला हुसकावून लावू नये एवढीच त्याची गरज. व्हॅक-ए पेशींच्या थराला जरासं झिरपतं करतं आणि पहारेकऱ्यांना जरासं मंदावतं. हे दीर्घ मुक्कामाचं साधन आहे. आपल्याला आजार म्हणून जे दिसतं ते त्या मुक्कामाच्या लांबीतून साचत जातं.

कॅग-एची कहाणी याहून थेट आहे. ते बाहेर सोडलं जात नाही, पेशीत टोचलं जातं. ज्या जिवाणूंकडे कॅग बेट म्हणून ओळखला जाणारा जनुकांचा सुमारे चाळीस हजार अक्षरांचा पट्टा असतो, ते आपल्या पटलापासून पेशीपर्यंत सुईसारखी यंत्रणा उभी करतात आणि तिच्यातून कॅग-ए आत सरकवतात. आत गेल्यावर पेशीचीच एन्झाइमं त्यावर फॉस्फेट चढवतात. पेशी आपल्या नेहमीच्या कामातले इशारे याच पद्धतीने देते-घेते, त्यामुळे फॉस्फेट चढलेलं कॅग-ए तिला आपल्यातलंच वाटतं. ते एसएचपी-२ नावाच्या एन्झाइमला जाऊन बिलगतं आणि 'वाढ, हल, पसर' हे संदेश अवेळी सुरू होतात. काचेवरच्या पेशी अशा वेळी ताणून लांबच लांब होतात. दुसरीकडे कॅग-ए पार-१ नावाच्या प्रथिनाला धरून ठेवतं आणि पेशीला वरची बाजू कुठली, खालची कुठली याचं भान उरत नाही. शेजारच्या पेशींशी असलेले घट्ट सांधे सुटतात. पेशींच्या थराचं भिंत म्हणून जे काम असतं, ते या सांध्यांवर उभं असतं.

इथेही मुक्कामाचाच हेतू दिसतो. प्रयोगांत असं आढळलं, की कॅग-ए असलेले जिवाणू पेशीच्या वरच्या पृष्ठभागावर, पोषक द्रव्यं नसलेल्या वातावरणातही, वसाहत करून वाढू शकतात. कॅग-ए काढून घेतलं की त्यांना ते जमत नाही. पेशीची दिशा बिघडवली की खालच्या बाजूचं लोह वरच्या बाजूला मिळवता येतं. शिवाय ही दोन प्रथिनं एकमेकांना आवरही घालतात. कॅग-ए असेल तर व्हॅक-एचे फुगे कमी होतात, व्हॅक-ए असेल तर कॅग-एमुळे पेशी लांबणं कमी होतं. ज्याला दशकानुदशकं एकाच घरात राहायचं आहे, त्याला घर पडू देऊन चालत नाही.

तरीही घर पडतं. टोचणाऱ्या यंत्रणेची चाहूल लागताच पेशी इंटरल्युकिन-८ हा रासायनिक संदेश सोडते, त्या हाकेला न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. माझ्या काचपट्टीवर ग्रंथींच्या भिंतीत घुसलेले हे न्यूट्रोफिल दिसले की मी रिपोर्टमध्ये 'सक्रिय' असा शब्द लिहिते. न्यूट्रोफिल जे ऑक्सिडंट सोडतात ते जिवाणूपेक्षा अस्तराला जास्त भोवतात, कारण जिवाणूकडे त्यांचा निचरा करणारी एन्झाइमं असतात आणि तो बसलेलाही बाहेर, म्यूकसमध्ये. सांधे सैल, पेशी फुगलेल्या, काही मरणाच्या वाटेवर, डागडुजी मागे पडलेली. एवढी तयारी झाली, की ज्या आम्लाला अस्तराने इतकी वर्षं बाहेर थोपवलं ते आत उतरतं. म्हणजे श्वार्त्सचं सूत्र खोटं नव्हतंच. शेवटचा घाव आम्लच घालतं.

मग ड्युओडिनममध्ये अल्सर का होतो, जिवाणू तर जठरात राहतो? मला या सगळ्या विषयातला हा भाग फार विलक्षण वाटतो. जिवाणू जठराच्या खालच्या भागात, अँट्रममध्ये, ठाण मांडून बसला तर तिथल्या डी-पेशी मंदावतात. त्यांचं सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक कमी पडलं की आम्ल वाढवणाऱ्या गॅस्ट्रिनवरचा लगाम सुटतो, आणि वरच्या भागातल्या धडधाकट आम्लपेशी जास्त आम्ल बनवायला लागतात. ते जास्तीचं आम्ल ड्युओडिनममध्ये ओतलं जातं. आम्लाचा मारा सोसून तिथलं अस्तर जठरासारखं रूप घेतं, आणि जठरासारखं अस्तर मिळालं की जिवाणू तिथेही वस्ती करतो. माझ्या वडिलांचं हेच झालं असणार. याउलट दाह जठराच्या वरच्या, मोठ्या भागात पसरला तर आम्लपेशीच नष्ट होत जातात, आम्ल घटतं, अस्तर विरळ होतं. तिथे जठराचा अल्सर होऊ शकतो आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून ड्युओडिनमचा अल्सर झालेल्यांमध्ये जठराचा कर्करोग उलट कमी आढळतो. एकच जिवाणू, जागा बदलली की आजार उलट दिशेला जातो.

जिवाणूही सगळे सारखे नसतात. व्हॅक-एचं जनुक जवळजवळ प्रत्येकाकडे असतं, पण त्याच्या घडणीत फरक असतात. एस-१ प्रकारचं प्रथिन जोमदार. एस-२च्या टोकाला एक छोटा जादा भाग असतो आणि त्यामुळे त्याला फुगे करता येत नाहीत. कॅग बेट काहींकडे असतं, काहींकडे नसतं. पूर्व आशियात जवळजवळ सगळ्याच जिवाणूंकडे ते असतं आणि तिथलं कॅग-ए एसएचपी-२ला जास्त घट्ट धरतं. त्या भागात जठराच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त का, याच्या कारणांपैकी हे एक. जगातल्या निम्म्याच्या आसपास माणसांच्या पोटात हा जिवाणू राहिलेला आहे आणि त्यातल्या बहुतेकांना कधीच काही होत नाही, हेही यावरून समजू लागतं. जिवाणूचा प्रकार, माणसाची दाहाची प्रवृत्ती, वस्तीची जागा, तंबाखू, आणि वेदनाशामक गोळ्या. या गोळ्यांचं नाव वेगळं घ्यायला हवं, कारण ॲस्पिरिन आणि तिच्या जातकुळीतली औषधं अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन्स घटवतात आणि जिवाणू नसतानाही अल्सर करू शकतात.

जपानमध्ये १,५२६ रुग्णांचा काही वर्षं पाठपुरावा करून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. त्यातल्या १,२४६ जणांना हा संसर्ग होता, २८० जणांना नव्हता. संसर्ग असलेल्यांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. संसर्ग नसलेल्यांपैकी एकालाही नाही. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. संसर्ग असूनही सत्त्याण्णव टक्के लोकांना त्या काळात कर्करोग झाला नाही. आणि ज्यांना झाला, त्या प्रत्येकाच्या पोटात जिवाणू होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याला पहिल्या गटातला कर्करोगकारक ठरवलं होतं. विषाचा यातला थेट वाटा दिसला तो २००८ मध्ये. संशोधकांनी उंदरांच्या शरीरात नुसतं कॅग-ए तयार होईल अशी सोय केली. जिवाणू नाही, दाह नाही, तरी काही उंदरांच्या पचनमार्गात गाठी झाल्या. ज्या कॅग-एवर फॉस्फेट चढू शकत नाही असं रूप दिलेल्या उंदरांना त्या झाल्या नाहीत.

हा जिवाणू शोधणाऱ्यांची गोष्ट सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला १९७९ मध्ये जठराच्या बायॉप्सीत हे जिवाणू दिसले आणि त्यांनी ते गांभीर्याने घेतले. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे जिवाणू वाढवायच्या काही ताटल्या नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणपेटीत राहून गेल्या आणि तेव्हा कुठे हा सावकाश वाढणारा जिवाणू हाती लागला. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः प्यायला. त्यांना अल्सर झाला नाही, जठराचा दाह झाला, आणि तेवढंच सिद्ध करायचं होतं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. वॉरन माझ्याच कामातले, काचपट्ट्या पाहणारे. त्यांच्या आधी कितीतरी जणांनी हे जिवाणू पाहिले होते. जठरात काही जगू शकत नाही या समजुतीपायी बहुतेकांनी ते बाहेरून मिसळलेले म्हणून सोडून दिले.

आणि ग्रीसमधले जॉन लिकुडिस. या डॉक्टरने १९५८ पासून अल्सरच्या रुग्णांना प्रतिजैविकं द्यायला सुरुवात केली होती. त्यांचे लेख स्वीकारले गेले नाहीत, उलट त्यांना दंड झाला. माझे वडील रात्री उठून दिवा लावत होते त्या वर्षांत जगात एका माणसाला उत्तराच्या जवळ जाता आलं होतं, हे आठवलं की मला अजूनही वाईट वाटतं.

वडिलांचा दोष नव्हता हे मी त्यांना सांगू शकले ते त्यांच्या म्हातारपणी. मी त्यांना फुग्यांनी भरलेल्या पेशींचं ते छायाचित्र दाखवलं. हा संसर्ग बहुधा लहानपणीच होतो, घरातल्याच माणसांकडून, तोंडावाटे. त्यांचा पहिला रागही त्यानंतरचा असणार, असं मी म्हणाले. ते बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्याकडून तुम्हां मुलांनाही लागलं असेल का?" प्रश्न अगदी बरोबर होता. आम्ही भावंडांनी तपासणी करून घेतली, ज्यांना संसर्ग होता त्यांनी औषधं घेतली. घरात जठराचा कर्करोग झालेला असेल तर याचं महत्त्व आणखी वाढतं. कोरियातल्या अशा नातेवाइकांच्या अभ्यासात उपचार दिलेल्या गटात सुमारे नऊ वर्षांत १.२ टक्के लोकांना कर्करोग झाला, न दिलेल्या गटात २.७ टक्के.

माणसाची आणि या जिवाणूची सोबत फार जुनी आहे. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओत्सी नावाच्या माणसाच्या जठरातून २०१६ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला. त्यात कॅग-ए होतं, आणि व्हॅक-एही जोमदार प्रकारचं. त्याआधीच्या अभ्यासांनी दाखवलं आहे की माणूस सुमारे ५८ हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हाच हा जिवाणू त्याच्या पोटात होता. इतक्या जुन्या सोबत्याला सरसकट हुसकावू नये, असं मानणारे अभ्यासकही आहेत. अन्ननलिकेच्या खालच्या भागातला एक कर्करोग संसर्ग असलेल्यांत कमी आढळतो, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा. मी तो हसण्यावारी नेत नाही. पण विरळ झालेलं अस्तर, आतड्यासारखं रूप घेतलेल्या ग्रंथी आणि पुढे विचित्र आकाराच्या पेशी, हा क्रम मी काचपट्ट्यांवर पाहिला आहे. अल्सर असेल, अस्तर विरळ होत असेल किंवा घरात कर्करोगाचा इतिहास असेल, तर जिवाणू घालवावा, याबद्दल माझं मन स्वच्छ आहे. आणि तो लवकर घालवावा. दाह ओसरतो, अल्सर पुन्हा होण्याचं प्रमाण खूप घटतं. रूप बदललेल्या ग्रंथी मात्र सहजी पूर्वपदावर येत नाहीत.

लोक मला विचारतात, रिपोर्टमध्ये व्हॅक-ए कुठलं, कॅग-ए आहे की नाही, हे का नसतं? कारण त्याने आजचा उपचार बदलत नाही. अल्सरच्या रुग्णात जिवाणू सापडला की प्रकार कुठलाही असो, तो काढायचाच असतो. आम्ल कमी करणारी गोळी आणि दोन प्रतिजैविकं, किंवा त्यांना बिस्मथची जोड, साधारण चौदा दिवस. क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारे जिवाणू आता इतके झाले आहेत की जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये त्यांचा समावेश चिंताजनक जंतूंच्या यादीत केला. त्यामुळे दुखणं थांबलं म्हणजे जिवाणू गेला असं धरता येत नाही. औषधं संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करावी लागते, आणि आम्लाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून ती तपासणीआधी दोन आठवडे थांबवावी लागते. नाहीतर जिवाणू असूनही तपासणीत दिसत नाही. रक्ततपासणीचा इथे उपयोग नसतो, कारण प्रतिपिंडं जिवाणू गेल्यावरही कितीतरी काळ रक्तात राहतात. बरेच रुग्ण ही दुसरी तपासणी करतच नाहीत, आणि पुढे कधीतरी त्यांचा तुकडा पुन्हा माझ्या टेबलावर येतो, खळग्यांत तेच निळसर, वाकडे जिवाणू घेऊन.